पगार

"युरोपचा इतिहास, तिकडच्या भाषा... बरं. पण पुढे पगार किती मिळणार?"

मामांनी चहा ओतता ओतता विचारलं. अर्थशास्त्राबरोबर मायनर म्हणून हा विषय घेतल्याचं लेकीनं नुकतंच सांगितलं होतं. ती गप्प बसली. मीही. तेव्हा काही सुचलं नाही, आणि तेच दिवसभर टोचत राहिलं.

मामा, 'पगार' हा शब्दच पोर्तुगीज आहे हो! तिकडे त्याचा अर्थ पैसे चुकते करणं. तुम्ही चहासोबत पुढे केलात तो पाव तिकडचा. घराची चावी, भाजीतला बटाटा, हे शब्दही तिकडचेच.

संध्याकाळी कारागृहाच्या भिंतीशेजारून घरी आले. रोजचा रस्ता, पण आज थांबले. हा मुळात ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. दोन वर्षांनी वसईही घेतली. आणि 'तुरुंग' हा शब्द? तोही त्यांच्याच 'त्रोंकु'वरून आलेला.

चिमाजी आप्पांचं नाव आपण अभिमानानं घेतो, घ्यायलाच हवं. पण त्याच लढ्याबद्दल समोरच्यांनी काय लिहून ठेवलं, ते लिस्बनच्या आणि पणजीच्या दफ्तरखान्यांत आहे, त्यांच्या भाषेत. ते कागद वाचू शकणारी ठाण्यातली किती मुलं असतील?

रात्री पोळी वाढताना लेकीला एवढंच म्हटलं, "फॉर्म बदलू नकोस हं."