पेटीतला हिरवा मॉर्फो

देणगीत आलेल्या पेटीत मॉर्फो हेलेनोर या निळ्या फुलपाखराचे नमुने ओळीने टोचलेले होते. शेवटच्या नराखाली पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘हिरवी प्रादेशिक तऱ्हा, पेरू’. आणि नमुना खरोखरच हिरवट, मळकट दिसत होता. माझ्याकडे नोंदणीचं काम असतं, म्हणजे लेबल खरं की खोटं ते ठरवणं आलंच.

दावा ऐकायला अगदीच अशक्य नव्हता. डच कीटक-अभ्यासक क्रामरने १७७६ साली नाव दिलेली ही जात मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पसरली आहे आणि जागोजागी तिचं रूप पालटतं. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्येला गयानांकडे काळ्या पंखावर निळा पट्टा, मध्य अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी काळी कड सोडली तर जवळजवळ सगळा पंख निळा. कोस्टारिका एवढासा देश, पण तिथे भरपूर निळी आणि जवळपास तपकिरी अशी दोन्ही टोकं सापडतात. पेलेइडीस या तिच्या उपजातीला तर काही जण आजही स्वतंत्र जात मानतात. पण या उपजाती ओळखायच्या त्या पट्ट्याच्या रुंदीवरून, कडेच्या ठिपक्यांवरून आणि मुख्य म्हणजे ठिकाणावरून. निळ्याची छटा हा पुरावा फार कच्चा.

कारण तो निळा रंगद्रव्याचा नाहीच. खवल्यांवरच्या बारीक कंगोऱ्यांत कायटिन (कीटकांचं कवच ज्याचं बनतं ते द्रव्य) आणि हवा यांचे थर असतात, त्यातून निळा प्रकाश परततो. हवेची जागा द्रवाने घेतली की परतणारा रंग हिरव्याकडे सरकतो आणि फिकाही पडतो.

नमुना उलटा केला. खालची तपकिरी बाजू पंखाच्या मुळाशी काळपट आणि तेल लागलेल्या कागदासारखी अर्धपारदर्शक झाली होती. डाग शिरांच्या कडेने बाहेर पसरत गेलेला. अस्सल निळा उरला होता तो फक्त टोकाला. उदरातली चरबी पाझरली होती. मॉर्फोच्या नरांत हे नेहमीचं, म्हणून जाणकार उदर आधीच काढून ठेवतात.

आम्हीही तेच केलं. उदर अलग करून त्याच क्रमांकाच्या कुपीत ठेवलं. ते फेकायचं नसतं, कारण दिसायला जवळच्या मॉर्फो अकिलीसपासून हेलेनोर वेगळा करताना जननांगं पाहावी लागतात. लेबलं उतरवली, नाहीतर शाई विरघळते. पंखांचा विस्तार १०-१२ सेंमी, म्हणून झाकणाचं पसरट काचेचं भांडं, त्यात नमुना बुडेल एवढा, चरबी विरघळवणारा ॲसिटोन. ॲसिटोन निर्जल हवा. पाण्याचा अंश असला तर सांधे नरम पडतात आणि बसवलेले पंख ढळतात. चिकटवलेला पाय किंवा शृंगिका (डोक्यावरची मिशी) असेल तर डिंकही सुटू शकतो, ते आधी तपासायचं. खोली हवेशीर हवी आणि जवळपास ज्योत नको.

रात्रभर ठेवून द्रव बदलायचा. त्याचा थेंब गाळणकागदावर वाळल्यावर तेलाचं कडं उमटेनासं झालं की पुरे. बाहेर काढल्यावर आख्खा पंख हिरवागार दिसतो, नवखा माणूस इथेच घाबरतो. पण कडेपासून ॲसिटोन उडू लागला आणि निळा आत आत सरकत गेला. मुळाशी थोडा मळकटपणा राहिला. तिथे पुन्हा एकदा बुडवावं लागलं.

जुनं लेबल टाचणीवर तसंच आहे. खाली नवं लावलं: ‘मॉर्फो हेलेनोर, नर, पेरू’. उपजातीची जागा रिकामी सोडली. पेरूत या जातीच्या एकाहून अधिक उपजाती आहेत आणि नुसत्या देशाच्या नावावर निवड करता येत नाही.