पोरगं गणितात कच्चं नाहीये, त्याची झोप झालेली नाहीये

पालकसभेला हटकून येणारा प्रश्न म्हणजे "बाई, ह्याला ट्युशन लावू का?" तिसरीतल्या पोराला! मी आधी विचारते, रात्री जेवता किती वाजता. बरेच जण चमकतात, काहींना रागही येतो, की आम्ही गणिताचं विचारतोय आणि ह्या बाई जेवणाचं काय काढून बसल्या. पण डोंबिवलीत इतकी वर्षं प्राथमिकला शिकवल्यावर माझं सरळ म्हणणं आहे की बऱ्याच पोरांचं घोडं वर्गात अडत नाही, ते आदल्या रात्री घरीच अडलेलं असतं.

आमच्याकडची घरं कशी चालतात बघा ना. बाबांचं ऑफिस मुंबईत, लोकलची गर्दी, स्टेशनबाहेर रिक्षाची लाईन, घरी यायला साडेनऊ. ते आल्याशिवाय कोणी जेवत नाही म्हणून ताटं वाढायला दहा, समोर टीव्ही, जेवून झालं की बाबा मोबाईल घेऊन आडवे होतात आणि पोरगं शेजारी घुसून त्याच रील्स बघतं, लाईट बंद व्हायला साडेअकरा. आणि सातची शाळा असेल तर सहा-सव्वासहाला व्हॅनवाले काका खाली हॉर्न मारतात. करा हिशोब! सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात, इथे साडेसहा पण भरत नाहीत.

आणि झोप न झालेलं पोर वर्गात पेंगतंच असं नाही हं. पेंगतात मोठी माणसं, लहान पोरं उलट उधळतात. एक मुलगा होता माझ्याकडे, पहिल्या तासाला सारखा पेन्सिलला टोक करायला उठणार, शेजारच्याची पट्टी ओढणार, जरा आवाज चढवला की डोळ्यांत पाणी. सगळे म्हणायचे वांड आहे. त्याची वही बघितली तर ६२ वजा २८ बरोबर ४४. म्हणजे दशक सुटा केला, बारातून आठ गेले चार हेही केलं, फक्त सहाचे पाच झालेत हे दोन सेकंदात डोक्यातून उडालं. तेच गणित मधल्या सुट्टीनंतर, डबा पोटात गेल्यावर तोंडी विचारलं तर चोख उत्तर. येतंय की त्याला! मग ट्युशन कशाची लावायची? तिथेही संध्याकाळी दोन तास बसून तो अजून दमणार आणि घरी आल्यावर "आता तरी खेळू दे" म्हणून अजून उशिरा झोपणार.

दिवसभर जे शिकलो ते मेंदू झोपेत पक्कं करत असतो. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे, म्हणजे पोराला गदागदा हलवून उठवतो तेव्हा नेमकी तीच कापली जाते. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री अकरापर्यंत पाढे म्हणून घेणाऱ्या आयांना मी हात जोडते, सतराचा पाढा राहू दे, झोपू दे त्याला.

आता म्हणाल शाळेची वेळच बदला. तर ते झालंय. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस बोलले की मुलांची झोप होत नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जीआर आला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवा. व्हॅनवाल्यांचं गणित बिघडलं, दोन शिफ्टच्या शाळांना वर्गखोल्या कुठून आणायच्या हा प्रश्न पडला, ते एक वेळ सोडा. मला वाईट ह्याचं वाटलं की काही घरांत "आता काय, नऊची शाळा आहे" म्हणून झोपायची वेळ साडेअकरावरून बारावर गेली. वाढवलेला वेळ पोरापर्यंत पोचलाच नाही, मधेच मोबाईलने खाल्ला. जीआर चांगलाच आहे, पण तो घरातला टीव्ही बंद करायला थोडीच येणार?

नाश्त्याचं पण तेच. उशिरा जेवलेलं पोर सकाळी खाणार कसं, भूकच नसते, मग अर्धा कप दूध आणि दोन बिस्किटं, ती पण व्हॅनमध्ये. शाळेत खिचडी मिळते तोवर दोन-तीन तास गेलेले असतात. तमिळनाडूने २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ताच सुरू केला, मला ते फार पटलं. आणि पाण्याच्या बाटल्या! भरलेल्या येतात, भरलेल्या जातात, मुली तर शाळेतल्या टॉयलेटला जायला नको म्हणून पीतच नाहीत, आणि मग बाराच्या सुमाराला डोकं दुखतंय म्हणून येतात. ह्यात मात्र दोष पोरींचा नाही, टॉयलेटचा आहे.

आयपीएलवर तर मी बोलतच नाही. मॅच साडेसातला सुरू, संपायला अकरा-साडेअकरा, आणि आमच्या वार्षिक परीक्षा नेमक्या एप्रिलमध्ये.

मागच्या सभेत हे सगळं मी जरा तावातावाने बोलले, तर एक बाबा उठून म्हणाले, "बाई, मी दहाला घरी येतो, पोरगं साडेआठला झोपवलं तर मी त्याला भेटायचं कधी?" प्रश्न अगदी खरा होता, माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. मग दुसऱ्या एका आईने सांगितलं की त्यांच्याकडे आजी-नातू साडेसातला जेवून घेतात आणि बाबा सकाळी पोराला आंघोळ घालून, पोळी-भाजी भरवून स्वतः शाळेत सोडतात, मग ऑफिस. त्या बाबांनी तिथेच फोन काढला आणि सकाळच्या उशिराच्या लोकल शोधायला लागले. ८.१० सोडून ८.५५ पकडली तर ऑफिसात लेटमार्क लागेल का, हे साहेबांना विचारून सांगतो म्हणाले.