गंजलेला चौथा प्लग

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी पुण्यात कर्वेनगरमधल्या एका सोसायटीतून फोन आला. फोन करणाऱ्या ताईंनी आपल्या गाडीचे स्पार्क प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवायला ठिणगी टाकणारे भाग, घरीच बदलायला घेतले होते. तीन प्लग सहज निघाले होते, चौथा मात्र जागचा हलत नव्हता. “दादा, पान्याला पाइप लावून जोर देऊ का?” त्यांनी विचारले. मी त्यांना पाना खाली ठेवायला सांगितले आणि हत्यारांची पेटी घेऊन निघालो. जोर लावण्याआधी त्यांनी विचारले, याचे मला आजही कौतुक वाटते, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधले, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातले, आटे एकदा फाटले की नवे आटे बसवावे लागतात, प्रसंगी हेडही उतरवावे लागते आणि काहीशे रुपयांच्या प्लगपायी खर्च हजारांत जातो.

गाडी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक होती. चांदणी चौकाच्या चढावर ती झटके देते, पिकअप घेत नाही आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, असे ताईंच्या वडिलांनी सांगितले. हा दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत आणता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवूच नये, कारण अशा वेळी न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन, सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अतिशय तापतो आणि निकामी होऊ शकतो. गाडीला स्कॅनर जोडल्यावर पी०३०४ हा बिघाडाचा कोड मिळाला. त्यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो, म्हणजे मिसिंग, अर्थात पेट्रोल नीट न पेटणे, चौथ्यातच होते.

प्लग ज्या खोल नळीत बसतो, तिच्यात मी बॅटरीचा उजेड टाकला. तळाशी तांबूस पाणी साचले होते आणि प्लगच्या षटकोनावर गंजाचा जाड थर चढला होता. “काका, इंजिन धुतलं होतं का?” असे विचारताच उलगडा झाला. खंडेनवमीच्या पूजेसाठी गाडी धुवायला दिली होती आणि तिथे बॉनेट उघडून इंजिनावर प्रेशरने पाणी मारले होते. प्लगला करंट देणाऱ्या कॉईलच्या वरच्या रबरी सीलला चीर होती, तिथून पाणी आत उतरले आणि त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. ठिणगी प्लगच्या टोकाशी पडण्याऐवजी बाहेरच्या बाहेर हेडला मिळू लागली, आणि लोखंड व ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात ओल राहिल्यामुळे प्लगही धरून बसला.

अशा वेळी प्लग सोडवण्याची घाई केली तर ते पाणी आणि गंजाचा चुरा थेट सिलिंडरमध्ये पडतो. म्हणून मोठ्या सिरिंजला बारीक नळी जोडून मी आधी पाणी ओढून घेतले, उरलेले फडक्याने टिपले आणि हवेच्या पंपाने प्लगची खोल नळी साफ केली. इंजिन पूर्ण थंड होते, ते हवेच असते. मग गंज सोडवणारा स्प्रे मारून आम्ही चहा होईपर्यंत थांबलो. त्यानंतर १६ मिमीचा प्लग पाना अगदी सरळ बसवून जरासा उलटा फिरवला, टक् असा आवाज येताच तेवढाच परत सुलटा घेतला, पुन्हा स्प्रे मारला, पुन्हा किंचित उलटा. हाताला करकर जाणवली की मागे यायचे आणि ती कमी झाली की थोडे पुढे जायचे. या कामाला दुसरी युक्ती नाही. अर्ध्या तासाने प्लग बाहेर आला आणि हेडमधले आटे शाबूत दिसले.

चारही प्लग क्रमाने फडक्यावर मांडले. पहिल्या तिघांची टोके फिकट तपकिरी होती, म्हणजे जळण चांगले होते, फक्त इलेक्ट्रोड झिजले होते. चौथा काळा, ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा होता. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत केसासारखी काळी रेघ उमटली होती. करंट नेमका त्याच वाटेने पळत होता.

इंधन पंपाचा फ्यूज काढून, कॉईल सुट्या ठेवून मी इंजिन थोडे फिरवले, म्हणजे आत काही उतरले असेल तर ते बाहेर फेकले जावे. नवे प्लग ताईंनीच बसवले. रबरी नळीच्या तुकड्यात प्लग धरून त्यांनी तो बोटांनीच तळापर्यंत फिरवला. आटे तिरके लागत असतील तर नळी हातात घसरते आणि नुकसान टळते. १४ मिमी आट्यांच्या, वॉशर असलेल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, तेवढेच टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, दिले. रेंच नसेल तर नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा द्यावा, त्याहून फारसा अधिक नाही.

चौथ्या कॉईलच्या रबरी टोपीतही तीच काळी रेघ होती. ती टोपी पुन्हा चढवली असती तर नवा प्लगही लवकरच वाया गेला असता, म्हणून काकांनी नाना पेठेत जाऊन टोपी आणि चारही सील आणले. ते बसवून इंजिन सुरू केले आणि कोड पुसला. चांदणी चौकाच्या चढावर ताईंनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये एकसारखी ओढून दाखवली आणि दिवा पुन्हा लागला नाही. इंजिन यापुढे ओल्या फडक्यानेच पुसायचे, हे काकांनी गाडीच्या सर्व्हिस बुकात स्वतःच्या हाताने लिहून ठेवले.