गाडी दोन गल्ल्या सोडून लावली

पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, आमच्या नागपुरात हक्काने प्यायचा दिवस. सकाळी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत महाल-इतवारी रस्त्यावर उतरते, आणि दुपारनंतर बैठका बसतात. त्या वर्षी कर उलटून आठ दिवस झाले तरी माझी बैठक उठली नव्हती. सकाळी हात इतका थरथरायचा की दोन घोट पोटात गेल्याशिवाय गालाला रेझर लावायची हिंमत होत नसे.

बायकोने त्याआधी एक उपाय करून पाहिला होता. भिंतीवर रंगवलेली असते ना, 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा', ती पुडी. वरणातून दिली. मला ओकाऱ्या झाल्या, दारू तशीच. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते माझ्यावर कमी आणि तिच्यावर जास्त रागावले. अशा पुडीत डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि माणूस नकळत त्यावर प्यायला, तर जिवावर बेततं. मी म्हटलं, मग उद्यापासून बंदच करतो. तर त्यावरही 'नाही'. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. सहा दिवस भरती होतो. बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं, हळूहळू कमी करत नेलेल्या गोळ्या. सुटी देताना ते म्हणाले, "शरीराचं मी केलं. डोक्याचं मला जमणार नाही, एएच्या मीटिंगला जा."

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस. कुणीतरी दिलेला पत्ता एका शाळेचा निघाला. चौकीदार म्हणाला, "ते लोक इथं येत नाहीत आता, दोन वर्षं झाली." खरं सांगू? मला आनंद झाला. परत येताना वाईन शॉपपुढे गाडी आपोआप हळू झाली. थांबलो नाही, पण त्यात माझं कर्तृत्व काही नाही, ड्राय डे होता.

मग नंबर मिळवून फोन केला. नाव सांगायला लागलो तर पलीकडचा माणूस म्हणाला, "नाव राहू द्या भाऊ. सोडायची इच्छा आहे ना? मग झालं. संध्याकाळी या." फॉर्म नाही, फी नाही. एवढं सोपं पाहून मलाच संशय आला.

मीटिंग सीताबर्डीच्या बाजूला, एका चर्चमागच्या खोलीत होती. गाडी दोन गल्ल्या सोडून लावली. इतकी वर्षं भर चौकात, दुकानासमोर लावायला लाज वाटली नव्हती, हे तेव्हा सुचलं नाही. आत शिरलो तर समोर तो! वाईन शॉपच्या रांगेत रोज माझ्यापुढे असायचा, आणि मग अचानक दिसेनासा झाला होता. मी समजत होतो, गेला बिचारा. तो हसला, म्हणाला, "हाव, जिता आहो. बसा." आणि चहा दिला. सगळ्यांचे ग्लास भरलेले, माझा अर्धाच. मला वाटलं, नव्याला कमी देतात. नंतर कळलं, त्याने माझ्या हातांकडे पाहिलं होतं.

सुरुवातीला प्रार्थना, मग वाचन, मग एकेक जण शेअरिंग करतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. पहिल्या दिवशी मी फक्त हिशेब केला. एकाने बायकोचं मंगळसूत्र विकलं होतं. मी तर नुसतं गहाण ठेवलं होतं, म्हणजे आपलं प्रकरण तेवढं गेलेलं नाही. दुसरा म्हणाला, वर्ध्याला लग्नाला गेलो आणि अर्ध्या तासात बाटली शोधली. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी. सगळे हसले. मी नाही हसलो. माझी सासुरवाडी वर्ध्याची आहे, आणि मला वीस मिनिटं लागली होती.

शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने टाकावं. बाहेरची देणगी घेत नाहीत. माझ्यापुढे आली तशी शेजाऱ्याने पुढे सरकवली, "तुम्ही नवे आहात, राहू द्या." त्यानेच नंतर तर्री-पोह्याच्या ठेल्यावर सांगितलं की हे सगळं १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात सुरू झालं. एक शेअर दलाल, एक सर्जन, दोघेही पक्के दारुडे. एकमेकांशी बोलताना प्यायची तलफ मागे पडते, एवढंच त्यांच्या हाती लागलं होतं.

नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा कर, असं सांगतात. माझ्याकडून तेवढ्या झाल्या नाहीत. आठवड्याला तीन, बाकी फोनवर ऑनलाइन. पुढच्या वर्षीच्या करीला घसरलो. दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायला गेलो, तर रांगेतल्या भावाने काही विचारलं नाही. खुर्ची ओढली, ग्लास भरला. पुन्हा अर्धाच.

त्यानंतर नाही घेतली. आज नाही घेतली, असं म्हणायचं असतं. गाडी आता फाटकाशीच लावतो.

बायकोला अल-अॅनॉनबद्दल मीच सांगितलं. घरच्यांसाठी असतं ते. ती आठवड्यातून एकदा फोन घेऊन आतल्या खोलीत दार लावून बसते, तासाभराने डोळे पुसत, कधी हसत बाहेर येते. माझ्याबद्दल काय सांगते, म्हणून एकदा विचारलं. "मीटिंगमधलं बाहेर सांगायचं नसतं," म्हणाली. हा नियम तिला मीच शिकवला होता.