रिकामी खुर्ची

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत परवा वक्ते पन्नास मिनिटं बोलले आणि अध्यक्ष पंचावन्न. त्याआधी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ. शेजारच्या काकांनी घड्याळ बघणंही सोडून दिलं होतं. मला मात्र गंगाधरपंत आठवत होते.

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मधले हे इतिहासाचे प्राध्यापक. ट्रकची धडक बसते आणि पंत जाऊन पडतात थेट अशा हिंदुस्थानात, जिथे १७६१ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून जाते. चुकलं ते तिळाएवढ्या अंतरानं. ‘विश्वास नाही का माझ्यावर?’ असं कुणी विचारलं, की आपल्याकडे उत्तर ठरलेलं : ‘विश्वास गेला पानिपतात!’ नारळीकरांनी तो परत आणला, एवढंच. हा कालप्रवास मागचाही नाही आणि पुढचाही नाही, आडवा आहे.

पहिल्यांदा वाचली तेव्हा विजयानंच छाती फुगली होती. पुन्हा वाचताना वेगळंच दिसलं. जिंकलेले पेशवे करतात काय, तर विज्ञान-तंत्रज्ञानाची केंद्रं काढतात! पुढे देश लोकशाहीकडे वळतो. दुसऱ्या कुणी हत्तीवरून साखर वाटली असती. खगोलशास्त्रज्ञानं प्रयोगशाळा काढल्या. आणि पेशव्यांकडून कागदावर करून घेतलेलं काम पुण्यात स्वतःही केलं. १९८८ साली उभ्या राहिलेल्या आयुका या खगोलविज्ञान संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्सचा कालप्रवासी तर ‘द टाइम मशीन’ या १८९५च्या कादंबरीत थेट ८,०२,७०१ सालात पोहोचतो. तिथे माणसाच्या दोन जाती झालेल्या. वर उन्हात बागडणारे नाजूक, निरुद्योगी जीव. खाली अंधारात यंत्रं चालवणारे, आणि रात्री वरच्यांना खाणारे. विलायतेतली मालक-मजूर दरीच ती, लांबवत नेलेली. पण ही भीती जरा उसवून पाहावी, तर गोधडीत जुनं लुगडं निघावं तशी आत इच्छाच सापडते : एवढं तरी होऊ नये.

मला सर्वांत प्यारी आहे ती नारळीकरांच्या कथेतली आझाद मैदानावरची सभा. व्याख्यान रंगलेलं, अध्यक्षांची खुर्ची रिकामी. शेकडो सभांची अध्यक्षपदं भूषवलेल्या पंतांना ते बघवेना. ते सरळ जाऊन बसले. लोक खवळले. त्या देशात प्रास्ताविक, अध्यक्षीय समारोप, आभार वगैरे केव्हाच बंद झालेलं! पंतांवर टोमॅटो आणि अंडी.

हे मी काकांच्या कानात सांगितलं.

‘‘टोमॅटो?’’ काका म्हणाले, ‘‘भाव बघितलात का?’’

आभारप्रदर्शन आटोपल्यावर कार्यवाह लगबगीनं आले. पुढच्या वर्षी तिसऱ्या पुष्पाचं अध्यक्षपद मी स्वीकारावं, अशी गळ घालू लागले. मी रीतसर आढेवेढे घेतले.

मग हो म्हणून टाकलं.