गौताळ्यात पानगळ पाहायला गेलो त्याची हकीकत

माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहतो आणि दर ऑक्टोबरात तलावाकाठच्या पायवाटांची छायाचित्रे घरच्या गटावर न चुकता पाठवतो. लालभडक मेपल, पिवळे बर्च आणि त्यांच्याआडून दिसणारे निळे पाणी. दोन वर्षांपूर्वी ती पाहताना मला वाटले की झाडे आपल्याकडेही आहेत, तलावही आहेत, तेव्हा असे काही छत्रपती संभाजीनगरहून एका दिवसात पाहून येता आले पाहिजे. कन्नडजवळचे गौताळा औट्रमघाट अभयारण्य लगेच डोळ्यांसमोर आले. १९८६ साली घोषित झालेले, सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे रान सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेत, आपला जिल्हा आणि जळगाव यांच्या सीमेवर पसरलेले आहे आणि आत गौताळा तलावही आहे.

कोजागिरी झाल्यावर चारच दिवसांनी मी आणि माझे शेजारी निघालो. नाक्यावर नोंदवहीत नावे, ओळखपत्राचा आणि गाडीचा क्रमांक लिहिला, शुल्क भरले, पावती घेतली. या कामाला दहा मिनिटेही लागली नाहीत. बरोबर वाट दाखवायला एक वनमजूर घेतले. आत शिरलो आणि तासाभरात माझी चूक माझ्या लक्षात आली, कारण चहूकडे नुसते हिरवे होते. सागाची सुपाएवढी पाने तशीच ताठ होती, तलाव काठोकाठ भरलेला होता, पण अगदी काठावर उभे राहिल्याशिवाय तो दिसतच नव्हता. पिवळे झाले होते ते केवळ गवत, आणि त्यातल्या कुसळीने आमच्या मोज्यांची चाळण केली. माझी निराशा ओळखून त्या वनमजुरांनी सागाच्या शेंड्याचे एक कोवळे पान खुडून माझ्या तळहातावर चोळले. हात लाल झाला. त्या दिवशी मला मिळालेला लाल रंग तेवढाच. "सर, आता पानं कशाला गळतील? अजून जमिनीत वल हाय. शिमग्याच्या महिनाभर आधी या," ते म्हणाले.

परतल्यावर मी वाचन केले, तेव्हा त्यांचे वाक्य किती नेमके होते ते उमगले. मिशिगनमधील झाड थंडी आणि आखडत जाणारा दिवस पाहून पाने सोडते. हरितद्रव्य मोडू लागले की आधीपासून पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि मेपलसारख्या झाडांत, दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असेल तर, पानात अडकून राहिलेल्या साखरेच्या बळावर लाल रंग नव्याने तयार होतो. आपल्या रानातील झाड मात्र मुख्यतः तहानेपायी पाने सोडते. पावसाळ्याने जमिनीत ठेवलेली ओल संपत आली की मोठ्या पानांतून पाणी उडू देणे सागाला परवडत नाही. म्हणजे त्यांची पानगळ शरदात येते, आपली शिशिरात. हे शाळेत ऋतू पाठ करताना मी शेकडो वेळा म्हटले असेल, पण भाच्याच्या छायाचित्रांपुढे ते साफ विसरलो होतो.

येथे खरी अडचण मात्र वेगळी आहे. जी तहान झाडांना रंग देते तीच तलावही आटवते. ऑक्टोबरात पाणी असते आणि रंग नसतो. मार्च अखेरीस पळस-पांगारा फुललेले असतात, पण पाणी मागे हटून काठाला भेगाळलेली माती उरते. शिवाय १५ फेब्रुवारीपासून वनविभागाचा आगीचा हंगाम सुरू होतो, आणि पाचोळ्याने भरलेल्या रानात उगाच हिंडणे मला स्वतःलाच बरे वाटेना. हे सारे जुळवून मी जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा एवढाच काळ मोकळा ठेवला, आणि गर्दी नको म्हणून मधला वार धरला.

या वेळी नाक्यावर पिशव्याही तपासल्या गेल्या. शेजाऱ्यांनी तलावाकाठी चहा करण्याच्या बेताने आणलेली आगपेटी वनरक्षकांनी काढून घेतली आणि नोंदवहीशेजारी ठेवली. शेजारी जरा खट्टू झाले. मला मात्र वाटेत जागोजागी जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, काढण्याचे काम चाललेले पाहून ते योग्यच वाटले.

ओळखीची वाट ओळखू येत नव्हती. साग तांबूस-पिवळा पडून अर्धा रिकामा झाला होता आणि त्याचे पान फांदीवरून सुटले की खाली पोहोचेपर्यंत तीन-चार ठिकाणी आपटत येते, त्यामुळे वारा नसतानाही रानात कोणी चालत असल्याचा भास होत होता. धावड्याने तांब्याचा रंग घेतला होता. मेपलच्या सर्वांत जवळ जाणारे आपल्याकडील झाड कोणते असे विचाराल तर मी धावड्याचेच नाव घेईन. सलई पूर्ण उघडी होऊन तिचे फिकट, सालपटे सुटलेले खोड उन्हात चमकत होते. पळसाला अजून काळपट कळ्याच होत्या. हे सारे वर पाहत चालण्याच्या नादात मी उतारावर घसरलो, कारण मुरमावर पसरलेला सागाचा कोरडा पाचोळा साबणासारखा निसटतो. मनगट थोडे खरचटले एवढ्यावर निभावले, पण त्यानंतर मी काठी घेतली आणि उतरताना पाय आडवे टाकू लागलो. साठीजवळच्या गुडघ्यांनी ही वाट काठीशिवाय चालू नये.

तलाव या खेपेला वरच्या धारेवरूनच दिसला. ऑक्टोबरात ज्या पानांनी तो झाकला होता ती आता आमच्या पायांखाली होती, आणि उघड्या फांद्यांच्या जाळीतून खालचे पाणी लख्ख दिसत होते. काठ हातभर मागे सरला होता, तरी समोरच्या उताराचा तांबूस रंग पाण्यात पूर्ण उतरेल एवढे पाणी शिल्लक होते. आम्ही तासभर बसलो आणि थर्मासमधला कोमट चहा प्यायलो. भाच्याला एक छायाचित्र पाठवायचे होते, पण तेथे मोबाईलला रेंज नव्हती.

चारच्या सुमारास नाक्यावर परतून बाहेर पडण्याची वेळ नोंदवली. वनरक्षकांनी आगपेटी शेजाऱ्यांच्या हातावर ठेवली, आणि त्यांच्याच चुलीवर आमच्यासाठी चहाचे आधण चढवले.