डिस्प्लेवर अडकलेलं वजन

चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यातून फोन आला, तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेतलं दुकान बंद करत होतो. "काट्यावर भांडण लागलंय, निघा लगेच." हंगामात काटा थांबला की ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यावर जाते आणि तोडलेला ऊस वाळत पडतो. संकेश्वर ओलांडून पोचेपर्यंत बरीच रात्र झाली होती. धुकं आणि थंडी, दोन्ही होतं.

केबिनमधल्या इंडिकेटरवर, म्हणजे काट्याचं वजन दाखवणाऱ्या यंत्रावर, आणि पावतीवर एकच वजन येत होतं. बाहेरचा मोठा डिस्प्ले मात्र आधीच्या ट्रॅक्टरचाच आकडा धरून बसला होता. मागून आलेल्या डबल ट्रॉलीवाल्याला पावतीपेक्षा तो आकडा जास्त दिसला. मग काय! "काटा मारत्यात ह्ये, दुसरं काय," फेटेवाले एक आजोबा मला ऐकू जाईल असंच म्हणाले. मागचे दोघे कन्नडमधून त्याच्याही पुढचं बोलत होते. त्यांचं तरी काय चुकलं? समोर दोन वजनं दिसली तर मीही तेच म्हणालो असतो.

इंडिकेटरला वैधमापन खात्याचं सील असतं, त्याला मी हात लावणार नव्हतो. ते सगळ्यांना आधीच दाखवलं. इंडिकेटरचा डेटा कॉम्प्युटरला आणि डिस्प्लेला वाटणारा बोर्ड बाजूच्या वेगळ्या डब्यात होता, फक्त तो उघडला.

त्यावर सारख्याच दोन चिप. ही चिप प्रोग्रॅमेबल असते, म्हणजे तिच्या मोडच्या पिनला वर ओढलं, म्हणजे व्होल्टेज दिला, की ती आरएस-४८५ बोलते, खाली शून्यावर ओढलं की आरएस-२३२. या तारेवरून डेटा पाठवायच्या दोन पद्धती. बाहेर जाणाऱ्या पिना दोन्हीकडे त्याच. एक चिप पावती काढणाऱ्या शेजारच्या कॉम्प्युटरसाठी २३२ वर, दुसरी लांबच्या डिस्प्लेसाठी ४८५ वर. बनवणाऱ्याला एकच पार्ट ठेवावा लागतो, आणि गिऱ्हाइकाने काहीही मागितलं तरी मोडच्या पिनला जोडलेला बोर्डावरचा बारीक डीआयपी स्विच सरकवला की काम झालं.

दोन्हींचा स्वभाव मात्र वेगळा. २३२ मध्ये प्रत्येक तारेचा व्होल्टेज ग्राउंडशी, म्हणजे शून्य धरलेल्या तारेशी, मोजायचा, तोही प्लस-मायनस. बोर्डाला मिळतात ३.३ व्होल्ट, मग मायनस कुठून येणार? चिपच्या पोटात चार्ज पंप असतो. बाहेरचे छोटे कपॅसिटर भरत-रिकामे करत तो साधारण प्लस साडेपाच आणि मायनस साडेपाच तयार करतो. जुन्या हिशेबाने ही केबल १५ मीटरच्या आत ठेवायची. ४८५ मध्ये दोन तारांमधला फरक तेवढा बघायचा. २०० मिलिव्होल्टचा फरकही रिसीव्हरला पुरतो आणि दोन्ही तारांवर सारखाच आलेला गोंगाट आपोआप वजा होतो. म्हणून कमी वेगाला ती १२०० मीटरपर्यंत चालते.

डिस्प्लेच्या दोन तारांमध्ये मीटर लावला तर जवळपास शून्य. ४८५ चा ड्रायव्हर चालू असताना निवांत लाईनवरही दोनेक व्होल्ट दिसायला हवेत. केबल तुटली असेल म्हणून मॅनेजरने माणूस शिडीवर चढवायला घेतला होता. मी काळा प्रोब ग्राउंडला आणि लाल एका तारेला लावला. मायनस साडेपाच. दुसऱ्या तारेलाही तेच. ३.३ व्होल्टवर चालणारा ४८५ ड्रायव्हर स्वतःच्या ग्राउंडखाली कधी जात नाही. म्हणजे चिप २३२ मोडला गेली होती. दोन्ही तारा सारख्याच खाली, मग डिस्प्लेला फरक दिसणार कुठून?

स्विच तर ४८५ वरच होता. पेन्सिलच्या मागच्या टोकाने तो हळूच दाबला, मीटर लगेच प्लसमध्ये आला. सोडला की परत मायनस. भिंगातून पाहिलं तर स्विचच्या एका पायाभोवती सोल्डरच्या डागाला बारीक गोल भेग होती. ट्रॉल्यांच्या हादऱ्याने डाग हलला असणार, थंडीत आकसून सुटला असणार. पाय सुटला की पुल-डाऊन रेझिस्टर मोडच्या पिनला खाली खेचणार, हे ठरलेलंच.

आजोबा दाराशीच उभे होते. पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्यांनी दाबलं, बाहेरचा आकडा बदलला. सोडलं, थांबला. पुन्हा एकदा करून बघितलं. "आणि पावतीचं वजन?" त्यांनी विचारलं. पावती दुसऱ्या चिपवरून निघते, ती सरळ इंडिकेटरशी ताडून बघा, असं मी सांगितलं. त्यांनी खरंच आत येऊन दोन गाड्या ताडून बघितल्या.

डाग नव्याने मारायला पाच मिनिटं लागली. खरा वाद पुढे झाला. डेटा आला नाही की जुना आकडा पुसून रेघा दाखवायच्या, अशी सोय त्या डिस्प्लेत होती आणि ती बंद ठेवली होती. माझ्या मते बिघाडापेक्षा हे वाईट. बंद पडलेला डिस्प्ले माणूस समजून घेतो, जुना आकडा दाखवणारा नाही. मॅनेजर म्हणाले, "रेघा दिसल्या की लोक अजून ओरडतील." "वरडू द्यात की," आजोबा बाहेरूनच म्हणाले. मी सेटिंग चालू केलं आणि सर्व्हिस रिपोर्टवर तसं लिहून मॅनेजरांची सही घेतली.